पॅराग्वेचं सैन्य: चाकोतलं पाण्याचं गणित आणि त्यातून घडलेली रचना

प्रश्न असा आहे: लोकसंख्येनं जवळपास तिप्पट, जर्मन सेनापती आणि विकर्स कंपनीचे रणगाडे हाताशी असलेल्या बोलिव्हियाला पॅराग्वेनं १९३२ ते १९३५ च्या चाको युद्धात हरवलं कसं? आणि पॅराग्वेच्या सैन्याची रचना तेव्हा कशी होती, आता कशी आहे?

दोन्हींचं उत्तर पाण्यापासून सुरू होतं. या युद्धाबद्दल वाचताना देशप्रेम, ग्वारानी माणसाचा (ग्वारानी हे पॅराग्वेचे मूळ लोक, त्यांची भाषाही याच नावाची) चिवटपणा, रानाची माहिती ही कारणं आधी भेटतात. ती खोटी नाहीत. पण रोज किती लिटर पाणी किती किलोमीटर पुढे पोचत होतं हे बघितल्याशिवाय यातली एकही मोठी लढाई नीट उलगडत नाही.

आधी जमीन बघू. पॅराग्वे नदी देशाचे दोन भाग करते. पूर्वेला सुपीक, दाट वस्तीचा भाग आणि पश्चिमेला चाको. देशाचं साठ टक्के क्षेत्रफळ चाकोत, पण माणसं नगण्य. याच चाकोवर दोन्ही देश हक्क सांगत होते. नदीकाठचा चाको ताडांचा आणि दलदलीचा. जसजसं पश्चिमेला जावं तसतसं पाणी कमी होतं आणि काटेरी रान दाट होत जातं. गाळाची सपाट जमीन, दगड औषधालाही सापडत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पाऊस पडला की वाटांचा चिखल होऊन ट्रक जागीच रुततात, आणि कोरड्या हंगामात त्याच वाटांवर चाक वाळूत बसतं. विहीर खणली तरी पाणी बऱ्याचदा खारट लागतं. गोडं पाणी मिळतं ते पावसानंतर भरणाऱ्या उथळ खोलगट जागांत, माणसांनी खणलेल्या तळ्यांत (त्यांना तिथे ताहामार म्हणतात) आणि काही ठराविक विहिरींत. दोन्ही देशांनी युद्धाआधी उभारलेली ठाणी, म्हणजे फोर्तीन, याच पाण्याशेजारी होती. फोर्तीन म्हणजे किल्ला वगैरे समजू नका. चार-सहा झोपड्या, थोडे खंदक आणि एक पाणवठा, एवढंच. नकाशावर फोर्तीनसाठी चाललेली लढाई प्रत्यक्षात त्या पाणवठ्यासाठी असायची. युद्धाची ठिणगीसुद्धा पितियांतुता नावाच्या तळ्यावरून पडली. जून १९३२ मध्ये बोलिव्हियाच्या तुकडीनं ते घेतलं आणि जुलैमध्ये पॅराग्वेनं परत मिळवलं.

आता हिशेब करू, कारण रचना त्यातूनच निघते. माणशी दिवसाला ३ लिटर धरा, पिणं आणि रांधणं मिळून. उन्हात खंदक खणणाऱ्याला हे कमीच पडतं. ५,००० माणसांच्या डिव्हिजनला रोज १५,००० लिटर लागतात. त्या काळातला ट्रक साधारण दीड टन वाहायचा. २०० लिटरचं भरलेलं पिंप लोखंडासकट २२० किलोच्या आसपास जातं, म्हणजे एका ट्रकवर सहा पिंपं, १,२०० लिटर. रोजच्या १३ खेपा झाल्या. रानातल्या वाटेवर ताशी दहा-बारा किलोमीटर मिळाले तर नशीब. पाणवठा ६० किलोमीटर मागे असेल तर एक ट्रक दिवसभरात एकच खेप करतो. म्हणजे १३ ट्रक निव्वळ पाण्याला लागले. स्प्रिंग तुटणं, रेडिएटर फुटणं, टायर फाटणं यात एक तृतीयांश गाड्या कायम अडकलेल्या असतात, म्हणून हाताशी २० हवेत. अंतर दुप्पट झालं की ट्रकही दुप्पट, ४०. यात दारूगोळा, पीठ, पेट्रोल, जखमी काहीच धरलेलं नाही. रेडिएटरमध्ये ओतायचं पाणी आणि ड्रायव्हरचं पाणीही याच पिंपांतून जातं.

घोडदळाचा विषयही इथेच संपतो. घोड्याला दिवसाला ३० लिटर लागतात. हजार घोड्यांचं पाणी म्हणजे दोन डिव्हिजनच्या माणसांचं पाणी. म्हणून चाकोतल्या पॅराग्वेच्या घोडदळ रेजिमेंट नावापुरत्या घोडदळ राहिल्या. बहुतेक पायीच लढल्या. युद्धाचे तक्ते वाचताना 'घोडदळ' शब्द दिसला की डोळ्यांसमोर घोडे आणू नका, रायफल घेतलेलं पायदळ आणा.

या गणितात पॅराग्वेची बाजू सुरुवातीला भक्कम होती. माणसं आणि सामान आसुन्सिओनहून बोटीनं नदीतून वर पुएर्तो कासादो बंदरात यायचं. तिथून कार्लोस कासादो कंपनीची अरुंद रूळांची रेल्वे चाकोच्या आत १४५ किलोमीटर जायची. ही रेल्वे सैन्यासाठी बांधलेली नव्हती. चामडं कमावण्यासाठी लागणारं टॅनिन केब्राचो नावाच्या झाडापासून काढतात, त्या लाकडाच्या वाहतुकीची ती लाईन. केब्राचोचा अर्थच 'कुऱ्हाड मोडणारा', पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड लाकूड. दगड नसलेल्या मुलखात खंदकांची छपरं याच ओंडक्यांनी झाकली गेली. रेल्वे संपते तिथून जवळच इस्ला पोई हा मुख्य तळ होता, आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या नव्यानं वसलेल्या वसाहतीही त्याच टापूत होत्या. त्यांच्या विहिरी, गाड्या आणि धान्य सैन्याच्या उपयोगी पडलं. नदीवरच्या मार्गाला संरक्षण म्हणून इटलीत बांधून घेतलेल्या 'पॅराग्वे' आणि 'उमाइता' या दोन गनबोटी होत्या. समुद्र नसलेल्या देशाचं आरमार हा थट्टेचा विषय नाही, या युद्धात तीच सैन्याची धोरी नस होती.

बोलिव्हियाचं बघा. ला पाझहून रेल्वेनं अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या व्हियासोनपर्यंत, तिथून ट्रकनं डोंगर उतरत तारिहा, मग व्हियामोंतेस, आणि पुढे रानातून मुन्योस ठाण्यापर्यंत. सगळं मिळून हजार किलोमीटरच्या वर. भरती झालेला शिपाई बहुधा आयमारा किंवा केचुआ बोलणारा, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या थंडीत वाढलेला. तो या भट्टीत उतरायचा तोच निम्मा खचलेला. अधिकारी स्पॅनिशमध्ये हुकूम द्यायचे आणि अनेकांना तो कळायचा नाही. पॅराग्वेत अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांची बोली ग्वारानी. फील्ड टेलिफोनवर ग्वारानीतच बोलायचे, तार जोडून चोरून ऐकलं तरी समोरच्याच्या हाती फारसं लागायचं नाही.

आता रचना. शांततेच्या काळात पॅराग्वेचं सैन्य जेमतेम चार हजारांच्या घरातलं. सक्तीच्या सैनिकी सेवेतून तयार झालेले राखीव लोक बोलावून ते फुगवायचं ही मूळ कल्पना. युद्धकाळात दीड लाखाच्या आसपास माणसं या सैन्यातून गेली, बोलिव्हियातून अडीच लाखांच्या घरात. मूळ घटक रेजिमेंट. दोन-तीन रेजिमेंटची डिव्हिजन, डिव्हिजनांची कोर, आणि वर आघाडीचं मुख्यालय, ज्याला संक्षेपानं 'कोमांचाको' म्हणत. बोकेरोनच्या (सप्टेंबर १९३२ मधल्या पहिल्या मोठ्या लढाईच्या) वेळी पहिली आणि दुसरी डिव्हिजन मिळून पहिली कोर होती, पुढे कोर तीनपर्यंत गेल्या. डिव्हिजन मुद्दाम लहान ठेवल्या जायच्या. पाणी जितक्यांना पुरवता येतं तितकीच माणसं एका वाटेवर ठेवायची, हे त्यामागचं साधं कारण.

रेजिमेंटची नावं वाचली तर या सैन्याची आठवण कुठे आहे ते कळतं. पायदळाची पहिली '२ मे', दुसरी 'इतोरोरो', तिसरी 'कोरालेस', चौथी 'कुरुपायती', पाचवी 'जनरल दियास'. ही सगळी नावं १८६४ ते १८७० च्या युद्धातली आहेत, ज्यात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे एकत्र येऊन पॅराग्वेशी लढले. २२ सप्टेंबर १८६६ ला कुरुपायतीच्या खंदकांपुढे मित्रराष्ट्रांचा हल्ला मोडला, पण १८६८ मध्ये उमाइताचा नदीकिल्ला पडला, १८६९ च्या सुरुवातीला राजधानी गेली. १६ ऑगस्ट १८६९ ला आकोस्ता न्यूच्या लढाईत कोवळी पोरं उभी करावी लागली. पॅराग्वे आजही १६ ऑगस्टला बालदिन पाळतो. १ मार्च १८७० ला सेरो कोरा इथे राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेस मारला गेला तेव्हा देशातले बहुसंख्य प्रौढ पुरुष संपलेले होते. चाकोतला शिपाई त्या पिढीचा नातू. घोडदळाच्या चौथ्या रेजिमेंटचं नाव 'आका काराया', म्हणजे माकडाचं डोकं. लोपेसच्या अंगरक्षक पथकाच्या शिरस्त्राणावर माकडाचं कातडं असे, त्यावरून. अशी नावं वरवरची सजावट म्हणून सोडून देऊ नका, भरतीच्या पोराला आपण कुठे आलोय हे त्यातूनच कळायचं.

अधिकारी घडवण्याचं काम १९१५ पासून सुरू झालेल्या सैनिकी शाळेनं केलं. त्याआधी होतकरू अधिकारी चिलीत शिकायला पाठवले जात. आघाडीचा सेनापती होसे फेलिक्स एस्तिगारिब्या हा मुळात शेतकीचा पदवीधर, १९१० मध्ये सैन्यात आला, चिलीत शिकला, मग फ्रान्सच्या उच्च युद्धविद्यालयात तीन वर्षं काढली. जमीन, पाणी आणि वाहतूक यांचा विचार तो आधी करायचा. राष्ट्राध्यक्ष एउसेबियो आयाला त्याच्या कामात लुडबूड करत नसे, पैसा आणि परराष्ट्र संबंध मात्र नीट सांभाळायचा. बोलिव्हियात राष्ट्राध्यक्ष सालामांका आणि त्याचे जनरल एकमेकांचे पाय ओढत राहिले. नोव्हेंबर १९३४ मध्ये तर जनरलांनी त्याला व्हियामोंतेसमध्येच घेरून राजीनामा द्यायला लावला, तोही शत्रू दारात असताना.

शस्त्रांबद्दल एक गोष्ट नेहमी सुटते. दोन्ही सैन्यांच्या माउझर रायफलचं काडतूस एकच होतं, ७.६५ मिलिमीटरचं. पॅराग्वेनं स्पेनहून घेतलेल्या १९२७ च्या रायफली इतक्या बदनाम होत्या की शिपाई त्यांना 'माता-पाराग्वायोस', म्हणजे पॅराग्वेच्याच माणसांना मारणारी, म्हणायचे. त्यामुळे बोलिव्हियाची चांगली रायफल हाती लागली की शिपाई ती लगेच घ्यायचा आणि काडतुसांची अडचणच यायची नाही. एका काडतुसामुळे प्रत्येक मोठा विजय आपोआप शस्त्रखरेदी ठरला. आसुन्सिओनच्या शस्त्रागारात आरमाराचा इंजिनिअर होसे बोसानो याच्या देखरेखीखाली हातबॉम्ब बनायचे, त्यांना 'कारुंबेई' म्हणजे छोटं कासव म्हणत. पण दाट रानात सगळ्यांत कामाचं हत्यार ठरलं ते ८१ मिलिमीटरचं मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ. माणसं खांद्यावरून नेऊ शकतात, आणि गोळा वरून पडत असल्यामुळे झाडी आड येत नाही. रणगाडे उलट. बोलिव्हियानं जुलै १९३३ मध्ये नानावावर ते विकर्सचे रणगाडे आणि आगफेके घेऊन समोरून हल्ला केला, आणि दोन हजारांच्या आसपास माणसं गमावून परतला. आत पोलाद तापून भट्टी होते, बाहेर वीस मीटरपलीकडचं दिसत नाही.

आता पॅराग्वेची हातखंडा चाल, 'कोरालितो', म्हणजे गुरांचा छोटा कोंडवाडा. नाव गुराख्यांचं आणि पद्धतही तशीच. समोर थोडी माणसं आणि मशीनगन ठेवून शत्रूला गुंतवायचं. गस्ती पाठवून त्याच्या दोन ठाण्यांमधली रिकामी फट शोधायची, कारण इतक्या मोठ्या रानात सलग फळी कुणालाच धरता येत नाही. मग त्या फटीतून कोयत्यांनी अरुंद वाट पाडायची, तिला पिकादा म्हणतात. वाट पाडणारे आळीपाळीनं बदलतात, कुऱ्हाड वापरत नाहीत, कारण केब्राचोवरचा घाव लांबवर ऐकू जातो. मोठी झाडं टाळत वाट वळवत न्यायची. मागून रेजिमेंट एका रांगेत, टेलिफोनची तार सोडत. शेवटी शत्रूच्या पाठीमागच्या ट्रकच्या रस्त्यावर बाहेर पडून तिथे दोन्ही बाजूंना तोंड करून खणून बसायचं. रस्ता तुटला की आतल्यांचं पाणी तुटलं. मग वाट बघायची.

चुकतं कुठे, तेही सांगितलं पाहिजे. बोकेरोनला पॅराग्वेनं स्वतःच हे गणित चुकवलं होतं. ९ सप्टेंबर १९३२ ला, कोरड्या हंगामाच्या अगदी शेवटी, समोरून धडका मारून दिवसाभरात ठाणं घेऊ या हिशेबानं हल्ला झाला. आत मार्साना या बोलिव्हियन अधिकाऱ्याच्या हाताखाली सहा-सातशे माणसं, खंदक आणि एक विहीर. बाहेर हजारो माणसं आणि पाणी मागून ट्रकनं यायचं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच पाणी संपलं, तहानलेले शिपाई फळी सोडून पाण्याच्या ट्रकच्या दिशेनं मागे पळू लागले. त्यानंतर पाण्याच्या खेपा नीट लावल्या, वेढा आवळला आणि मदतीला येणाऱ्या बोलिव्हियन तुकड्या बाहेरच मोडल्या. आतलं पाणी प्रेतांनी नासलं, दारूगोळा संपला, २९ सप्टेंबरला ठाणं शरण आलं. तो दिवस पॅराग्वेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. पुढचा मोठा कोंडवाडा डिसेंबर १९३३ मध्ये कांपो व्हियाला, दोन डिव्हिजन सुमारे साडेसात हजार माणसांसह शरण आल्या आणि जर्मन सेनापती हान्स कुंटला घरी जावं लागलं. पण लगेच झालेल्या युद्धबंदीच्या काही आठवड्यांत बोलिव्हियानं नवं सैन्य उभं केलं. मे १९३४ मध्ये कान्यादा स्ट्राँगेस्टला बोलिव्हियानं हीच चाल उलटवून पॅराग्वेचे दीडेक हजार लोक पकडले. वाट पाडत पुढे गेलेली तुकडी स्वतः एका रांगेत असते, तिची मान तितकीच बारीक असते.

सगळ्यांत स्वच्छ उदाहरण डिसेंबर १९३४ चं. बोलिव्हियाची घोडदळ कोर पुढे सरकत गेली होती आणि तिचं सगळं पाणी मागच्या इरेंदाग्वेच्या विहिरींवरून यायचं. ग्वारानीत 'इ' म्हणजे पाणी, आणि या नावाचा अर्थ 'जिथे पाणी होतं ती जागा'. आठव्या डिव्हिजनचा कर्नल एउहेनियो गाराय साठीचा होता. त्यानं आपली माणसं पाण्याचा एकही टप्पा नसलेल्या रानातून सत्तर किलोमीटरच्या आसपास चालवली. कॅन्टीनमधलं पाणी घोटाघोटानं वाटलं. वाटेत जमिनीतला 'इव्या' नावाचा पाणीदार कंद खणून चोखला. जायचं पाणी होतं, परतीचं नव्हतं. ८ डिसेंबरला विहिरी हाती आल्या. शत्रूला लढाई द्यायची फारशी गरजच उरली नाही. पुढची कोर विस्कटली, माणसं मशीनगन टाकून पाण्याच्या शोधात रानात पांगली, हजारो पकडली गेली आणि कितीतरी तहानेनं मेली. या मृत्यूंत दोष कुणाचा असेल तर तो एकाच पाणवठ्यावर संपूर्ण कोर टांगणाऱ्या मुख्यालयाचा.

हाच नियम शेवटी पॅराग्वेलाही लागू झाला. १९३५ मध्ये सैन्य पारापिती नदीपर्यंत आणि व्हियामोंतेसच्या दारात पोचलं तेव्हा रेल्वे शेकडो किलोमीटर मागे राहिली होती, ट्रक झिजले होते. बोलिव्हियाची रसद मात्र आता डोंगराच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर. व्हियामोंतेस पडलं नाही, चारागुआ घेतलं ते सोडावं लागलं. १२ जून १९३५ ला ब्युनोस आयर्समध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या, २१ जुलै १९३८ च्या तहानं चाकोचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पॅराग्वेला मिळाला. किंमत: बोलिव्हियाचे पन्नास हजारांवर मृत, पॅराग्वेचे पस्तीस ते चाळीस हजार. बोलिव्हियाच्या मृतांत मोठा वाटा रोगराई आणि तहानेचा.

युद्धानंतरचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो लढाईपेक्षा राजकारणाचा आहे. विजयी सैन्यानं फेब्रुवारी १९३६ मध्येच आयालाचं सरकार उलथवलं. एस्तिगारिब्या १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि सप्टेंबर १९४० मध्ये विमान अपघातात गेला. १९४७ च्या यादवीत बहुसंख्य अधिकारी बंडाच्या बाजूनं होते आणि हरले, त्यामुळे अनुभवी अधिकारीवर्गच निघून गेला. त्या पोकळीतून वर आलेला तोफखान्याचा अधिकारी आल्फ्रेडो स्ट्रोस्नर १९५४ ते १९८९ सत्तेवर राहिला. त्याच्या काळात अधिकाऱ्याला सत्ताधारी कोलोराडो पक्षाचं सदस्यत्व घ्यावंच लागे. त्याला उलथवलं ते पहिल्या कोरचा प्रमुख आंद्रेस रोद्रीगेसनं, कारण राजधानीजवळची चिलखती घोडदळं त्याच्या हाताखाली होती. या देशात कुठली तुकडी राजधानीपासून किती लांब हा प्रश्न बराच काळ संरक्षणापेक्षा सत्तेचा होता.

१९९२ च्या राज्यघटनेनं सेवेतल्या अधिकाऱ्यांना पक्षकार्य बंद केलं, सैनिकी सेवा सक्तीची ठेवली पण शांततेत कमाल बारा महिने, आणि विवेकाच्या कारणानं नकार देण्याचा हक्क दिला. सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. त्याच्या खाली सैन्यदलांचं एकत्रित कमांड, मग भूदल, नौदल, हवाईदल. भूदलाच्या कागदावर अजून तीन कोर आणि त्याखाली पायदळ-घोडदळ डिव्हिजन आहेत, पण एकूण संख्या दहा हजारांच्या आतली. म्हणजे 'डिव्हिजन' वाचलं तरी बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात एखादी बटालियन, तीही अपुरी. वर्षानुवर्षं ही चौकट राखण्यामागचा विचार जुनाच आहे: सांगाडा उभा ठेवायचा, वेळ आली की राखीव लोकांनी भरायचा. राखीव अधिकारी 'सिमेफोर' या संस्थेत सुट्ट्यांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमधून येतात. २०१३ पासून उत्तरेकडे सशस्त्र गटांविरुद्ध संयुक्त कृती दल काम करतं, त्यासाठी राष्ट्राध्यक्षाला आणीबाणी जाहीर न करता सैन्य वापरण्याची मुभा कायद्यानं दिली गेली. मोठ्या कागदी डिव्हिजनांपेक्षा खरी ये-जा सध्या तिथेच आहे.

तिसरी कोर चाकोत आहे, मारिस्काल एस्तिगारिब्या या गावी, जे पूर्वी एक ठाणंच होतं. मध्य चाकोच्या वसाहतींना आज नदीचं पाणी पाइपातून मिळतं. तो जलमार्ग पुएर्तो कासादोलाच सुरू होतो आणि लोमा प्लाताकडे जातो, ज्या दिशेनं १९३२ मध्ये रेल्वे पिंपं घेऊन जायची त्याच दिशेनं.